झणझणीत मिसळ आणि पन्नास ग्रॅमची स्प्रिंग

माझ्या जुन्या कीबोर्डवरची 'ई' आणि 'डी' ही दोन अक्षरं पार पुसली गेली होती. मी दिवसभर मराठी टाइप करते, तेही इन्स्क्रिप्ट या अक्षररचनेत. त्यात 'ई'वर काना असतो आणि 'डी'वर पाय मोडायचं चिन्ह. काना तर शब्दागणिक लागतोच, पण 'स्वातंत्र्य' एवढं एकदा लिहिलं तरी 'डी'वर तीनदा बोट आपटतं. गेल्या जूनमध्ये ते बटण दाबलं की खालीच राहायला लागलं. भाषांतराचे पैसे मला शब्दावर मिळतात, त्यामुळे जोडाक्षर आलं की माझं नुकसान व्हायला लागलं.

समोरच्या फ्लॅटमधला मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, आता मेकॅनिकलच घ्या. माझ्या मित्राचा एक पडून आहे." मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला. मित्राचा कीबोर्ड अठराशे रुपयांना आला. चौऱ्याऐंशी बटणं, निळे स्विच. निळे म्हणजे क्लिकी, खटखट वाजणारे, हे मला तो घरी आणून पहिलं वाक्य टाइप केल्यावर कळलं.

आई चाळीस वर्षांपूर्वी सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. मराठी ४०ची परीक्षा पास, गोदरेजच्या मशीनवर. पहिले दोन दिवस तिला तो आवाज फारच आवडला. "ऑफिसात बसल्यासारखं वाटतं," म्हणाली. तिसऱ्या रात्री साडेअकराला हॉलमधून हाक आली, "अगं, सुटलं का नाही तुझं ऑफिस?" त्याच आठवड्यात ऑनलाइन मीटिंगमध्ये मी नोंदी घेत होते, तर पलीकडून एका बाईंनी अगदी अदबीनं विचारलं, तुमच्याकडे कुणी शेंगा फोडतंय का?

सुदैव एवढंच, की कीबोर्ड हॉट-स्वॅप होता. म्हणजे स्विच बोर्डाला डाग देऊन बसवलेले नव्हते. चिमट्यानं उपटायचे आणि दुसरे खोचायचे. तसा नसता, तर एकेका स्विचची दोन टोकं सोल्डरिंग आयर्ननं सोडवावी लागली असती, आणि मग मी गुपचूप मेम्ब्रेनवर, म्हणजे रबरी पडद्याच्या साध्या कीबोर्डवर, परत गेले असते.

"लिनिअर घाला," मुलगा म्हणाला.

लिनिअर म्हणजे काय, ते त्यानं एक स्विच उघडून दाखवलं. आत मोजून चार वस्तू: वरखाली सरकणारी दांडी, तिला ते लोक स्टेम म्हणतात, तिच्याखाली स्प्रिंग, दोन्हींभोवती दोन तुकड्यांची डबी, म्हणजे हाउसिंग, आणि बाजूला पितळी रंगाची पातळ पट्टी. दांडी खाली गेली की पट्टी टेकते आणि अक्षर उमटतं. क्लिकीमध्ये मुद्दाम एक आवाज बसवलेला असतो, टॅक्टाइलमध्ये वाटेत एक उंचवटा लागतो. लिनिअरमध्ये यातलं काहीच नाही. वरपासून खालपर्यंत सरळ घसरण. ही घडण मूळ जर्मनीतल्या चेरी कंपनीची, १९८०च्या दशकातली. तिचं पेटंट संपलं आणि पुढे तशाच मापाचे स्विच चिनी कंपन्यांनी धडाधड काढले. गेटेरॉन, काइल, आउटेमू, अक्को ही नावं त्यातूनच आपल्यापर्यंत आली. आज वीस रुपयांत एक बरा लिनिअर मिळतो, तो त्यामुळे.

हे सगळं ऐकूनही मी पुणेकर असल्यामुळे आधी तपकीर गल्लीत गेले. विजेची वस्तू आहे आणि ती तपकीर गल्लीत मिळत नाही, हे मनाला पटतच नाही. पहिल्या दुकानात म्हटलं, स्विच हवेत, ऐंशी-नव्वद नग. दुकानदार एकदम खुलला. "पियानो का मॉड्युलर?" मी म्हटलं, लिनिअर. त्यानं क्षणभर विचार केला आणि फॅनचा रेग्युलेटर काढून समोर ठेवला. दुसऱ्या दुकानात पुश-टू-ऑनची बटणं आणि लिमिट स्विच दाखवले. तिसऱ्यानं मोबाइलवरचा फोटो नीट बघून सांगितलं, "हे इथं नाही मिळायचं मॅडम, ऑनलाइन बघा." म्हटलं, आलोच आहोत तर, आणि टोकदार चिमटा घेतला, चाळीस रुपये. पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो हा चिमटाच.

ऑनलाइन बघायला बसले तर पहिल्या तासातच डोकं गरगरलं. लाल, पिवळा, काळा, दुधी पिवळा, क्रीम पिवळा, आणि त्यापुढे फळांची आणि मिठायांची नावं. प्रत्येकाखाली ग्रॅम लिहिलेले. मला वाटलं, चला, आकडा तरी आहे, तुलना सोपी. तिथेच फसगत. एक दुकान लिहितं तो आकडा अक्षर उमटतं त्या क्षणाचा, दुसरं लिहितं तो बटण तळाला टेकतं तेव्हाचा. गेटेरॉनचा पिवळा स्विच अक्षर उमटायला पन्नास ग्रॅम घेतो आणि तळाला पोचेपर्यंत साठीच्या पुढे जातो. म्हणजे तोच स्विच एका ठिकाणी हलका वाटणार, दुसऱ्या ठिकाणी जड. शब्द नीट वाचले नाहीत तर पन्नासचा एक आणि साठीच्या पुढचा दुसरा अशी तुलना करत बसाल, आणि दोन्ही एकच निघतील.

मुलानं इथे एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. चार कंपन्यांचे चार स्विच मागवू नका, एकाच कंपनीचे तीन मागवा. डबी तीच, दांडी तीच, बदलणार ती फक्त स्प्रिंग. म्हणजे आपल्या बोटांना किती वजन हवं ते आधी कळेल, बाकीचे लाड नंतर. म्हणून गेटेरॉनचेच तीन घेतले: लाल ४५ ग्रॅमचा, पिवळा ५० चा, काळा ६० चा. दहा-दहाच्या पुड्या मिळत होत्या, साधारण वीस रुपयांना एक. सहाशे रुपये नुसत्या चाचणीवर घालवायचे, हे जिवावर आलं. पण सगळा संच चुकीचा आला असता तर सतराशे गेले असते.

पुड्या आल्या त्या रविवारी मी नाण्यांचा खेळ केला. दहा रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. आईच्या डब्यात त्यांची चळत कायम असते. रिक्षावाला घेतो, भाजीवाला तोंड वाकडं करतो, असं तिचं म्हणणं. एक स्विच बसवला, आजूबाजूच्या बटणांच्या टोप्या काढून टाकल्या, कारण नाणं बटणापेक्षा मोठं असतं आणि शेजारच्या बटणांना टेकतं. मग नाण्यांना चिकटपट्टी लावून एकेक वर ठेवत गेले. लाल स्विचवर सहाव्या नाण्याला पडद्यावर अक्षर आलं. पिवळ्यावर सातव्याला. काळ्यावर आठव्याला. गुणाकार करून पाहिला तर पुडीवरच्या आकड्यांच्या अगदी जवळ. पिवळ्यातला एक मात्र सहावरच गेला. स्वस्त मालात एवढं डावं-उजवं चालायचं. आई शेजारी बसून बघत होती. "पैसे ठेवल्यावर कामं होतात, हे आमच्या ऑफिसातही होतं," म्हणाली.

खरी परीक्षा टाइप करण्याची. मुलगा इंग्रजीच्या एका चाचणीवर मिनिटाला शंभर शब्द टाइप करतो आणि त्यावरून स्विच बरा की वाईट ते ठरवतो. ती माझ्या उपयोगाची नाही. इन्स्क्रिप्ट हा भारतीय मानकात १९९१ साली आलेला आराखडा. त्यात डावीकडे बहुतेक सगळ्या मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं, आणि ख, घ, झ, ठ, ध, भ यांसारखी महाप्राण अक्षरं शिफ्ट दाबून. ण आणि ळ सुद्धा शिफ्टवर. इंग्रजीत शिफ्ट लागते वाक्याच्या सुरुवातीला आणि नावांना. आम्हाला ती शब्दाच्या मधे, कुठेही, केव्हाही. मग मी माझी स्वतःची चाचणी केली: 'झणझणीत मिसळ'. दहा खुणा, त्यातल्या पाच शिफ्टच्या. पुन्हा झ असतो 'पी'वर, म्हणजे उजव्या करंगळीखाली. ण असतो 'सी'वर, डाव्या हाताला, म्हणजे त्यासाठी शिफ्ट उजव्या करंगळीनं धरायची. एवढा एक 'झणझणीत' लिहिताना उजवी करंगळी लागोपाठ चार वेळा राबते. अशी पन्नास वेळा मिसळ लिहिली की स्विचबद्दल करंगळीचं मत समजतं. भूकही लागते.

एकेका वजनाचे दहा स्विच रोज वापरातल्या बटणांवर बसवले आणि प्रत्येकाला दोन-दोन दिवस खरं काम दिलं.

लाल पहिल्या तासात स्वर्ग वाटला. लोण्यात बोट बुडवावं तसा. दुसऱ्या दिवशी एका ग्राहकाकडून मजकूर परत आला, सोबत एकच प्रश्न: "हे 'आहेत्' काय आहे?" शोधलं तर सहा पानांत अकरा ठिकाणी शेवटच्या अक्षराचा पाय मोडलेला. विचार करताना माझी बोटं बटणांवर टेकलेली असतात, आणि डाव्या हाताचं मधलं बोट नेमकं 'डी'वर. पंचेचाळीस ग्रॅमला वाटेत काही अडवणूकच नाही. जरा हात सैल पडला की हलन्त. इंग्रजीत चुकून एखादं 'डी' पडलं तर लगेच लाल रेघ येते. मराठीत पाय मोडलेला 'त' मधेच बसला तर शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअरही खांदे उडवतं.

काळ्यानं तो त्रास गेला. साठ ग्रॅमला चुकून काही पडत नाही. संध्याकाळी मात्र करंगळ्या दुखायला लागल्या. रात्री भाकरी थापताना जाणवलं. (पोळ्या असत्या तर चाललं असतं, आई म्हणाली. तिला काळाच आवडला होता. गोदरेजच्या मशीनवर आयुष्य काढलेल्या बाईला साठ ग्रॅम म्हणजे फुंकर. तिच्या मते माझे सगळेच स्विच "उतू गेलेल्या दुधासारखे" आहेत, हाताला काही लागतच नाही.) पिवळा दोन दिवस वापरला आणि तिसऱ्या दिवशी तो बदलायचं विसरले. तेव्हाच निर्णय झाला असं म्हणायचं.

मुलाच्या कीबोर्डवर अक्कोचे क्रीम पिवळे होते, त्यातले चार त्यानं तुलनेला दिले. वजन तेच, पन्नास. पण ते कारखान्यातूनच वंगण लावून येतात, आणि फरक कळतो. माझ्या साध्या पिवळ्यात दांडी घासल्याचा बारीक खरखराट होता, सूप फटकावताना येतो तसा, आणि सोडल्यावर स्प्रिंगचा किणकिणाट. त्याच्या स्विचमध्ये दोन्ही नाही. एका नगाला पाच-सहा रुपये जास्त, आणि पंचेचाळीसच्या खोक्यातच मिळणार, म्हणजे मला दोन खोकी, नव्वद नग. मी हिशेब घातला, साधे घेऊन घरी वंगण लावलं तर किती वाचतात. चार-पाचशे रुपये. ठीक, म्हटलं, वाचवू.

हा हिशेब चुकला. ग्रीसची छोटी बाटलीच साडेचारशेची निघाली. अप्पा बळवंत चौकातून दोन शून्य नंबरचा ब्रश आणला, तो वेगळा. आणि वेळ! डबीच्या चार खाचा सोडवायच्या, झाकण काढायचं, दांडीच्या दोन्ही कडांना आणि डबीतल्या खोबणींना थिजलेल्या तुपासारख्या ग्रीसचा पुसट हात द्यायचा, स्प्रिंगची टोकं माखायची, पितळी पट्टीला लागू द्यायचं नाही, परत मिटायचं. एकाला अडीच मिनिटं. पहिल्या पाचांना इतकं लावलं की दाबल्यावर चिखलात पाय रुतल्यासारखे वर यायला वेळ लावायला लागले. ते पुसून पुन्हा केले. वाती वळायला बसावं तशा आम्ही दोघी तीन संध्याकाळ बसलो, मी ग्रीस लावणार आणि आई स्प्रिंगा घालून झाकणं मिटणार. तिचा हात माझ्यापेक्षा चलाख. तेवढ्या वेळात मी भाषांतराचं काम केलं असतं तर अक्कोची चार खोकी आली असती. शब्दावर पैसे मिळवणाऱ्या माणसानं वंगण लावलेलेच घ्यावेत. हौस असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिसऱ्या संध्याकाळी आईला ती हौस लागली होती.

बसवतानाही एक घोळ. माझ्या बोर्डाला तीन टोकांचे स्विच बसतात: दोन धातूच्या पिना आणि मधला प्लास्टिकचा खुंटा. काही स्विचना आणखी दोन प्लास्टिकचे पाय असतात, ते पाच टोकांचे. ते मिळाले तर नेलकटरनं दोन पाय उडवायचे, बिघडत काही नाही. मुलाच्या चार क्रीम पिवळ्यांना ते पाय होते, आणि उसन्या स्विचचे पाय कापायचे म्हणून मी आधी त्याची रीतसर परवानगी घेतली. पिना मात्र नाजूक. जरा तिरकं दाबलं की पिन भोकात न जाता खाली दुमडते, आणि वरून सगळं छान दिसतं. माझ्या तीन दुमडल्या. 'ळ' येईना म्हणून अर्धा तास सॉफ्टवेअरमध्ये शोधलं, मग स्विच उपटून पाहिला. तपकीर गल्लीच्या चिमट्यानं पिना सरळ केल्या, तिन्ही चालतात. आणि एक, हॉट-स्वॅप कीबोर्ड नवा घेत असाल तर दुकानदाराला आधी विचारा, यात कुठलेही स्विच बसतात का. आउटेमूच्या पिना किंचित बारीक असतात, आणि फक्त तेवढ्याच भोकांचे बोर्डही बाजारात आहेत. त्यांत गेटेरॉन शिरत नाही. माझ्या बोर्डात शिरला, ते माझं नशीब. मी विचारलं नव्हतं.

आता काटकसरीची गोष्ट. चौऱ्याऐंशी बटणं, हाताशी दहा पिवळे. लागणार होते चौऱ्याहत्तर, पुडी दहाची. ऐंशी मागवले असते तर सहा उरले असते, म्हणून मी सत्तरच मागवले आणि चार कमी पडले. पुन्हा एका पुडीसाठी कुरिअरचे पैसे भरायचे? त्यापेक्षा डब्यात लाल आणि काळे पडलेच होते.

पहिला काळा मी 'डी'खाली घातला. पाय मोडायचा तर जरा जोर लावून मोडू दे. दोन लाल दोन्ही शिफ्टखाली गेले, कारण शिफ्टवर बोट टेकून ठेवायची सवय मला नाही, आणि करंगळीला जितकं हलकं तितकं बरं. त्या रात्री 'झणझणीत' लिहून पाहिलं आणि हसूच आलं. सहाशे रुपयांची चाचणी, नाण्यांच्या चळती, तीन संध्याकाळची वंगणपूजा, आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो कुरिअरचे साठ रुपये वाचवण्यामुळे. 'आहेत्' त्यानंतर एकदाही आलेलं नाही. समोरच्या मुलाला सांगितलं तर त्यानं हात जोडले; एका कीबोर्डात तीन वजनं हे त्याला शर्टाला तीन रंगांची बटणं लावल्यासारखं वाटतं. त्याला मराठी टाइप करावं लागत नाही.

आवाजाबद्दल, कारण सुरुवात तिथून झाली होती. लिनिअर म्हणजे मुका नव्हे. क्लिक जाते, पण बटण तळाला आपटल्याचा ठक् राहतोच. दांडीला रबराचे तुकडे लावलेले सायलेंट लिनिअर वेगळे मिळतात, ते महाग, आणि मुलाच्या एका मित्राकडचे दाबून पाहिले तर खाली पाव दाबल्यासारखं वाटलं. त्याऐवजी जुन्या गोधडीचा एक तुकडा घडी करून कीबोर्डखाली घातला. टेबलाचा घुमणारा आवाज बराच कमी झाला. शिफ्ट, स्पेसबार, एंटर अशा लांब बटणांखाली तोल सांभाळायला तारेचे स्टॅबिलायझर असतात, ते खुळखुळतात. त्यांच्या तारांनाही ग्रीस लावावं लागतं. मी डावी शिफ्ट केली, स्पेसबार केला, आणि एंटरपर्यंत आले तर बाटली संपली. वरची एफ-वनपासूनची ओळही कोरडीच आहे.

चौथं रिकामं भोक एंटरचं होतं. ते मी आईवर सोडलं. तिनं न विचारता काळा उचलला. "ओळ संपल्याचं हाताला कळायला नको?" त्यामुळे माझ्या कीबोर्डवर आता जड आणि सगळ्यात खुळखुळणारं बटण एंटरच आहे, आणि रात्री हॉलपर्यंत जातो तो तेवढाच आवाज. परवा सकाळी चहाचा कप समोर ठेवत ती म्हणाली, "काल सव्वीस परिच्छेद झाले. मग मला झोप लागली."